बाबांच्या खिडकीची मोटर

उद्या घराची युबरगाबे आहे. म्हणजे किल्ल्या परत करायच्या आणि भाड्याचं घर घेतलं तेव्हा होतं तसं मालकाच्या हवाली करायचं. आपण मारलेला एक खिळासुद्धा चालत नाही हो या लोकांना! नवरा भिंतीतली भोकं बुजवतोय आणि माझ्या वाट्याला मागच्या खोलीच्या खिडकीवरची मोटर आणि तिचा डबा काढायचं काम आलंय. सकाळपासून मी बाकी सगळं आवरलं, तेवढंच सोडून.

ती खोली बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. सासूबाई गेल्यावर ते सांगलीहून आमच्याकडे जर्मनीत, ड्युसेलडॉर्फला आले. आमच्या घरात सासरे सुनेशी थेट बोलत नसत. भांडण वगैरे काही नाही, पद्धतच तशी. मी समोर उभी असले तरी ते सासूबाईंना म्हणायचे, "तिला विचार, चहा झाला का." मीही सासूबाईंकडे बघूनच उत्तर द्यायचे. आता मधलं माणूसच गेलं होतं. थंडीचे दिवस, नवरा अंधारातच कामाला निघायचा, मी घरून काम करायचे, आणि घरात दिवसभर शुकशुकाट.

एका दुपारी धुतलेले कपडे ठेवायला त्यांच्या खोलीत गेले, तर आत मिट्ट काळोख. रोलाडेन, म्हणजे खिडकीबाहेरचं ते गुंडाळायचं शटर, पूर्ण खाली आणि बाबा खुर्चीत बसलेले. त्यांचा खांदा आखडला होता, पट्टा ओढून शटर वर घेणं जमत नव्हतं. सुनेला कसं सांगायचं, म्हणून मुलगा घरी येईपर्यंत माणूस अंधारात बसून! असे किती दिवस काढले, देव जाणे. मला रडू यायच्या आधी राग आला. "अहो बाबा, एक हाक मारायची ना! मी काय खाते का तुम्हाला?"

संध्याकाळी ते नवऱ्याला म्हणाले, "तिकीट अलीकडचं करून घे. जातो मी परत." परत कुठे, तर त्या रिकाम्या घरात. मला ते नको होतं. तिथे एकटे राहिले तर हा माणूस आतल्या आत मिटून जाईल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

रोज सकाळी जाऊन मी शटर उघडू शकले असते. पण ते रोज संकोचले असते. त्यापेक्षा त्यांच्या हाताशी बटण दिलं तर? कॉलेजात असताना असल्या मोटरी हौसेनं चालवल्या होत्या. जेवणाच्या टेबलावर मी पसारा मांडला. जिथे उजेड होता तिथे, म्हणून असेल, बाबाही येऊन बसले. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. माझे रेझिस्टर विखुरलेले बघवेनात, म्हणून रंगाच्या पट्ट्या बघून त्यांच्या पुड्या लावायला लागले.

मला काम करताना बडबडायची सवय. त्यांच्याकडे न बघता हवेशीच बोलत होते, "मोटर दांडगट, तिला हुकूम देणारा कंट्रोलर नाजूक. दोघांची वीज वेगळी, मधे तार जोडायची नाही. मधे हा ऑप्टोकपलर, चार पायांचा काळा किडा. याच्या पोटात इवलासा दिवा. अलीकडून दिवा लावायचा, पलीकडे उजेड पोचला की मोटर फिरते. आणि दिव्याच्या आधी हा रेझिस्टर, नाहीतर जास्त करंट जाऊन बिचारा जळायचा."

त्यांच्या खिडकीवर मोटर बसवून जोडणी झाली. बटण दाबलं, मोटर घुरघुरली, शटर वीतभर वर गेलं आणि थांबलं. कंट्रोलर बंद पडून पुन्हा सुरू. परत दाबलं, परत तेच. "मेली ही मोटर!" म्हणत मी पक्कड आपटली.

"दोन्ही बाजू वेगळ्या ठेवायच्या म्हणालीस ना? मग ही काळी तार इकडून तिकडे कशी गेली?"

मी बघितलं. खरंच की! सवयीनं मी दोन्हीकडचं ग्राउंड, म्हणजे विजेची परतीची तार, एकत्र जोडलं होतं. तार उपटली, बटण दाबलं, शटर सरसर वरपर्यंत गेलं आणि बाबांच्या पावलांवर ऊन आलं. मग माझ्या डोक्यात शिरलं की ते माझ्याशी बोलले होते. माझ्याशी!

"बाबा, आपलंही असंच होतं ना," मी बोलून गेले. "सासूबाई मधे होत्या, या दिव्यासारख्या."

ते खिडकीकडे बघत राहिले. "हो गं. तिच्याच उजेडावर चाललं होतं सगळं." त्यांनी मफलरनं डोळे पुसले. मी तर सरळ रडलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. आधी मोटरची घुरघुर ऐकू आली आणि मागोमाग हाक, "चहा झाला का गं?"

"ठेवतेय हो, बाबा!"

तिकीट होतं तसंच राहिलं. पुढेही ते जेव्हा जेव्हा आले, आमची सकाळ अशीच सुरू व्हायची. बटणांवर त्यांनी मास्तरी अक्षरात "वर" आणि "खाली" लिहून चिकटवलं होतं. गेल्या हिवाळ्यात ते सांगलीलाच गेले, झोपेत.

आज पाना हातात घेऊन मी त्या खिडकीशी उभी राहिले. शेवटचं एकदा, म्हणून "वर" दाबलं. मोटर नेहमीसारखी घुरघुरली, शटर वर गेलं, ऊन आत आलं, आणि काही कळायच्या आत माझ्या तोंडून मोठ्यानं गेलं, "ठेवतेय हो, बाबा!"