लाल टिकलीचा ग्राइंडर

धणेपूड शोधताना तो डबा हाती लागला. मसाल्यांच्या मागे सरकवून ठेवलेला, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. उघडला तर आत तपकिरी भरड. वास घेतला आणि लगेच ओळखला. हा वास मला रोजचा. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या एका छोट्या कंपनीत मी चिनी औषधी मुळं तपासायचं यंत्र बनवते, आणि संध्याकाळी हाच वास केसांत घेऊन घरी येते.

"आई, हे काय आहे?"

सासूबाई बाल्कनीत मोजे वाळत घालत होत्या. "काही नाही गं. गुडघ्याचं औषध."

"कुणी दिलं?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी त्यांना आपल्या चिनी औषधंवाल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. गुडघे दाखवून दाखवून मैत्री जमलेली. तिथून आपोथेकेत, म्हणजे औषधांच्या दुकानात, जाऊन मुळांची पाकिटं आणली, आणि मी ऑफिसला गेले की रोज काढा. महिना झाला म्हणे! आणि घरात चिनी मुळांवर पोट भरणारी मी, मला पत्ता नाही.

"तुम्हाला एकच किडनी आहे हे तरी सांगितलंत का त्या बाईंना?"

"त्यांनी गुडघ्याचं विचारलं. मी गुडघ्याचं सांगितलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. सासूबाईंची दुसरी किडनी माझ्या नवऱ्याच्या पोटात आहे. त्या वेळी त्याला पुण्यात डायलिसिसवर पाहिलंय मी, त्यामुळे किडनी हा शब्द आमच्या घरात कुणी सहज उच्चारत नाही. आणि हे जे गुडघ्याचं मूळ, त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक मूळ असतं. त्याच्या जागी ते बाजारात खपून गेल्याचे प्रकार झालेले आहेत. ते मूळ थेट किडनीवर जातं. तेवढ्यासाठीच तर आमचं यंत्र.

"आजपासून बंद," मी म्हणाले. "मी तपासून सांगेपर्यंत थेंब घ्यायचा नाही."

"बरं बाई. पण त्याला बोलू नकोस. उगाच घाबरेल."

सकाळी डबीत चमचाभर भरड घेऊन निघाले. त्यात बान, म्हणजे ट्रेन, उशिरा. प्लॅटफॉर्मवर मी इकडून तिकडे फेऱ्या मारत होते, आणि एक गृहस्थ माझ्याकडे बघून बाकावर सरकून बसले. मला काय बसायचंय? मला पोचायचंय!

आमचं यंत्र केस वाळवायच्या ड्रायरएवढं. पावडरवर टेकवायचं, बटण दाबायचं. आत प्रकाश जातो, परत येतो, आणि परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र ठरवतं: खरं मूळ असेल तर हिरवा दिवा, विषारी असेल तर लाल. आपोथेकेतल्या माणसाने गिऱ्हाइकासमोर तपासावं, ही त्यातली गंमत. आम्ही शेकडो नमुने दाखवून त्याला शिकवलं होतं आणि ते चुकत नव्हतं. दोनच दिवसांनी ड्युसेलडॉर्फला एका मोठ्या ऑफिसात ते दाखवायला जायचं होतं.

मी बटण दाबलं. लाल.

पुन्हा दाबलं. लाल. पावडर हलवून, पसरून, दुसरं यंत्र आणून. लाल, लाल! महिनाभर. एकच किडनी. आणि मी रोज संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून चहा पीत होते.

आमच्या शेफिनला, म्हणजे माझ्या बॉसला, सगळं सांगितलं. ती मोजकं बोलणारी बाई. "हे यंत्र पहिली चाळणी आहे," ती म्हणाली, "शेवटचा शब्द मोठ्या मशीनचा." मोठं मशीन म्हणजे पावडर विरघळवून त्यातलं एकेक रसायन वेगळं करून दाखवणारं. ते चुकत नाही, पण त्याला वेळ लागतो, आणि त्या दिवशी त्यावर दुसऱ्याचं काम चालू होतं. तिने ते थांबवून माझा नमुना लावायला सांगितला. तरी उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळीच.

त्या मधल्या वेळाचं काय सांगू! सासूबाईंना फसवून, म्हणजे नेहमीची तपासणी म्हणून, हाऊसआर्ट्स्टकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे, नेऊन रक्त द्यायला लावलं. फसल्या कुठे त्या? सुई टोचताना माझ्याकडे बघत होत्या. घरी भाजी करपली, मग दूध उतू गेलं. "तुझं काय चाललंय?" नवऱ्याने विचारलं. "ड्युसेलडॉर्फचं टेन्शन," मी खेकसले. तो बिचारा निमूटपणे गॅस पुसायला लागला. त्याचा तो वाकलेला पाठमोरा सदरा बघून मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. सासूबाई रोजच्यासारखी बुद्धवंदना म्हणून झोपल्या. त्यांना झोप लागली, याचाही मला राग आला.

सकाळी मोठ्या मशीनने उत्तर दिलं. स्वच्छ. विषाचा मागमूस नाही. थोड्या वेळाने डॉक्टरांचाही फोन आला, रक्त व्यवस्थित आहे. जीवात जीव आला. मी खुर्चीत बसले आणि इतकं हसले की शेजारचा पोरगेलासा पीएच.डी.वाला घाबरून पाणी घेऊन आला.

पण ते हसू टिकलं नाही. मूळ खरं, तर मग दिवा लाल का?

घरी फोन लावला. "आई, आपोथेकेवाल्यांनी पावडर दिली होती की मूळ?"

"मूळच. बाकीचं शिजतं गं, ते एक मेलं लाकूड. मग फिरवलं मिक्सरला."

पुण्याहून आणलेला आमचा मिक्सर. त्यात खोबरं नीट वाटलं जात नाही, मूळ काय वाटलं जाणार! म्हणून ती जाडसर भरड. मी फोन हातात धरूनच प्रयोगशाळेच्या कोपऱ्याकडे बघितलं.

आमच्याकडे दोन ग्राइंडर. एक नवा, झकास, पीठ मैद्यासारखं काढणारा. दुसरा जुना, बोथट पात्यांचा, काचेच्या कपाटात, वर लाल टिकली चिकटवलेला. विषारी मूळ फक्त त्यात दळायचं, हा नियम. चांगल्या ग्राइंडरला विषाचा कण लागू नये म्हणून. नव्या माणसाला पहिल्या दिवशी आम्ही हेच शिकवतो, आणि ते इतकं अंगवळणी पडलेलं की त्यात विचार करण्यासारखं काही आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खरं मूळ कायम मऊ, विषारी मूळ कायम जाड. यंत्र मुळं ओळखायला शिकलंच नव्हतं. ते ग्राइंडर ओळखायला शिकलं होतं.

मग मी जे कुणी केलं नव्हतं ते केलं. मास्क चढवला, हातमोजे घातले, विषारी मुळाचा तुकडा घेतला आणि सरळ नव्या ग्राइंडरमध्ये टाकला. पीठ मऊसूत निघालं. शेफिनला बोलावलं आणि तिच्यासमोर बटण दाबलं.

हिरवा.

"आल्झो," म्हणजे तर असं आहे, ती एवढंच म्हणाली आणि स्टुलावर बसली. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मग तिने स्वतः ड्युसेलडॉर्फला फोन लावला आणि यंत्र तयार नाही म्हणून सांगितलं. तिच्या आवाजात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता, पण कानाची पाळी लालबुंद झाली होती.

घरी आले तेव्हा नवरा यायचा होता. सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. मी चपलांसकट त्यांच्यासमोर बसले. "आई, सगळं ठीक आहे. मूळ खरं होतं. रक्तही चांगलं आहे."

"मला माहीत होतं." मग मेथीची जुडी सोडत, "पण लाल लागला होता ना दिवा? काल सुई टोचताना तुझ्या तोंडावरच दिसत होतं."

ग्राइंडरचं सगळं सांगितलं. त्यांनी हातातली काडी बाजूला ठेवली.

"म्हणजे मूळ विषाचं असतं आणि आपोथेकेवाल्याने मऊ दळून दिलं असतं, तर तुझं यंत्र हिरवं म्हणालं असतं?"

"हो."

"आणि तू मला म्हणाली असतीस, प्या."

मी मेथीची एक काडी उचलून मोडायला लागले.

"मी प्यायले असते गं," त्या म्हणाल्या. "ऑपरेशनच्या आधी ते सगळे डॉक्टर इंग्रजीत बोलत होते. मला काय कळतंय? मी तुझ्याकडे बघितलं. तू मान हलवलीस. मी सही केली."

मला ते मान हलवणं आठवतसुद्धा नव्हतं. मी त्यांच्या मांडीवरच्या मेथीत तोंड खुपसून हमसून हमसून रडायला लागले. त्यांनी थोडा वेळ रडू दिलं. मग डोक्यावर टपली मारली.

"पुरे. रडतेस काय? यंत्र नीट कर."