पहिल्या वासाचा मान

माझ्या मेहुण्याला वास येत नाही, ही गोष्ट त्याने आम्हां सगळ्यांपासून कितीतरी महिने लपवली. दुसरा कोणी असता तर यात लपवण्यासारखं काय, असं मी म्हटलं असतं. उद्या माझं नाक गेलं तर शेतकरी सोसायटीतल्या माझ्या हिशेबाच्या टेबलावर कोणाला पत्ताही लागणार नाही. पण त्याचं पोट आणि पत दोन्ही नाकावर उभी होती.

ताग कापला की त्याच्या जुड्या बांधून तळ्यात बुडवतात. पाण्यात साल कुजून सैल झाली की ती काडीवरून सोलायची आणि धुवायची. तोच धागा. लवकर काढला तर साल काडीला चिकटून राहते. उशीर झाला तर धागाच कुजतो. मधली नेमकी वेळ सांगणारं एक माणूस तळ्यावर लागतं. आमच्याकडे तो मेहुणा. उंच, हडकुळा, गुडघाभर पाण्यात तासन् तास एका जागी उभा राहणारा, म्हणून सगळे त्याला बगळा म्हणत. रीत अशी की मधली जुडी उघडून तिच्यातली पहिली काडी त्याच्या नाकाशी धरायची. तो डोळे मिटून वास घेणार, कुजका उग्रपणा उतरू लागला का ते हेरणार, मग अंगठ्याने साल सरकवून बघणार आणि ‘काढा’ नाहीतर ‘थांबा’ म्हणणार. तोवर कोणी तोंड उघडत नसे.

थंडीत त्याला मोठा ताप आला. ताप गेला तो वास घेऊनच गेला. एकदा आमच्या स्वयंपाकघरात तो शेगडीच्या ओट्याला टेकून बसला होता आणि मागे दूध करपून काळं झालं, तरी हा गप्प.

“दादा, नाक गहाण टाकलंयस का?” माझी बायको ओरडली.

“सर्दी झालीय.”

त्याची ती सर्दी उन्हाळाभर चालली.

त्याच वर्षी आमच्या सोसायटीने छोट्या शेतकऱ्यांसाठी कुजवणीची नवी पद्धत आणली. जुड्या बुडून राहाव्यात म्हणून लोक त्यांवर चिखलाची ढेकळं आणि केळीचे बुंधे ठेवत. त्याने धागा काळा पडे आणि भाव उतरे. आता त्याऐवजी वाळूची पोती ठेवायची, आणि थराथरांत एक भुकटी पेरायची, म्हणजे कुजवण लवकर आणि स्वच्छ होते. समजावून सांगायचं काम अर्थातच मेहुण्याकडे आलं. लोकांनी ऐकून घेतलं आणि माना हलवून घरी गेले. तयार झाली ती फक्त त्याची काकू. काका गेल्यापासून एकटी, एवढीशी जमीन, तिच्यात वर्षाचा सगळा ताग.

“तू म्हणतोस म्हणून टाकते,” ती म्हणाली. “पण माती केलीस तर माझ्या दारात उभा राहू नकोस.”

तपासायची वेळ आली तेव्हा तळ्याकाठी बरीच मंडळी जमली. मधली जुडी उघडली असती तर रिवाजाप्रमाणे काडी त्याच्या नाकाशी आली असती आणि सगळे श्वास रोखून बघत बसले असते. म्हणून त्याने ती उघडलीच नाही. आमच्याकडे पाठ करून अगदी कडेच्या जुडीतली एक काडी ओढली आणि अंगठा लावला. साल हलेना. “थांबा,” तो म्हणाला. कडेची भुकटी पाण्यात वाहून जाते आणि तिथला ताग मागे राहतो, हे इतरांना शिकवणारा हाच. पुढच्या खेपेलाही त्याने कडेचीच काडी ओढली.

“अरे, मधली कधी बघणार?” काकू म्हणाली. “वास बदललाय. मला म्हातारीला कळतंय.”

“काकू, घाई नको.”

शेवटी कडेची साल सुटली तेव्हा त्याने ‘काढा’ म्हटलं. काकूने मधल्या जुडीतला मूठभर धागा ओढला. तो ओल्या कागदासारखा तुटला. तिने दुसरी जुडी घेतली, मग तिसरी.

“भुकटीने खाल्लं!” काठावरचा एक दोर वळणारा म्हणाला. “सोसायटीला प्रयोगाला आपलाच ताग सापडतो.”

सगळ्यांनी मान डोलावली. मी सोसायटीचा माणूस, पण मीसुद्धा भुकटीच्या पोत्याकडे संशयाने पाहिलं. मेहुणा गप्प राहिला असता तर चाललं असतं. दोष आपली जागा शोधून बसला होता.

“भुकटीने नाही,” तो पाण्याकडे बघत म्हणाला. “मी. मला वास येत नाही, तापापासून. मधली जुडी मी मुद्दाम उघडली नाही.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

“नाक गेलं, ठीक,” काकू म्हणाली. “तोंड होतं ना रे?”

पुढे त्याने स्वतःच्या शेतातला ताग धुऊन, वाळवून तिच्या ओसरीवर नेऊन ठेवला. तिने तो ठेवून घेतला, पण त्याला बस म्हणाली नाही.

तरी भुकटी धागा जाळते ही बातमी फिरायची ती फिरलीच. मग तो दारोदार जाऊ लागला. प्रत्येक उंबऱ्यावर तेच वाक्य: भुकटी चांगली आहे, चूक माझी, मला वास येत नाही. एकाने खातरी करायला पायातला मोजा काढून त्याच्या नाकाशी धरला. घरातली माणसं पोट धरधरून हसली. मेहुणा मोजा दूर होईपर्यंत तसाच उभा राहिला.

“एकदा सांगितलंस, झालं की,” माझी बायको रडकुंडीला येऊन म्हणाली. “दवंडी कशाला पिटतोस?”

“माझं पाप भुकटीच्या माथी मारलं, तर पुढच्या वर्षी सगळे पुन्हा चिखलच टाकतील.”

पुढच्या हंगामात दोन-चार जणांनी भुकटी टाकली. त्यांत काकूही होती. त्याच्याशी अवाक्षर न बोलता तिने भुकटीची पोती ठेवून घेतली. तपासायच्या दिवशी मधली जुडी उघडली. कोणीतरी सवयीने काडी त्याच्या नाकाशी नेली आणि चटका बसावा तसा हात मागे घेतला. मेहुण्याने ती काडी घेऊन काकूपुढे धरली.

“कसा येतोय?”

“घाण येतोय. दुसरा कसा येणार?”

काठावर खसखस पिकली. त्याचे कान लाल झाले, पण काडी त्याने खाली घेतली नाही.

“कालच्यापेक्षा कमी की जास्त?”

काकूने पुन्हा वास घेतला, या वेळी जरा सावकाश.

“कमी.”

त्याने अंगठा लावला. साल अलगद सरकली.

“काढा,” तो म्हणाला, पण इतक्या खालच्या आवाजात की पलीकडच्यांनी ते काकूलाच विचारून घेतलं.