इन्स्पेक्टरनं पैसे देऊन घेतलेलं सरबत

"साहेब, आधी एक ग्लास घेवा, मगे काय ता बघा," असं म्हणत परबबाईंनी मी ओळखपत्र दाखवायला वर केलेल्या हातात सरबताचा ग्लास दिला.

मुलुंडच्या एका शाळेचं पटांगण, मे महिना, डोक्यावर कापडी मांडव. ऐंशीच्या दशकात आमच्या उपनगरांत अशा ग्राहक पेठा भरायच्या. घरी पापड, लोणची, मसाले करणाऱ्या बायका थेट गिऱ्हाइकाला माल विकायच्या, मधे दुकानदार नाही. मी फूड इन्स्पेक्टर. अन्नात भेसळ आहे का हे बघणं माझं काम. आम्ही दिसलो की अर्धे स्टॉलवाले पाणी प्यायला जायचे.

परबबाई विक्रोळीच्या चाळीत राहायच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर त्यांनी चाळीतल्या तीन बायका गोळा केल्या आणि कोकम सरबत करायला घेतलं. कोकमं गावाहून, पातेली लग्नाच्या केटररकडून. पाऊस लागला की सरबताला कुत्रं विचारत नाही, त्यामुळे पेठेचे हे चार दिवस म्हणजेच त्यांचं वर्ष. आणि कुणीतरी आमच्याकडे तक्रार केली होती की बाई सरबतात रंग घालतात.

आमचे वरिष्ठ जोगळेकरसाहेब निघताना म्हणाले होते, "सॅम्पल घे आणि ये. गाजावाजा नको. विनाकारण बाईची बदनामी व्हायला नको."

मी ग्लास तसाच खाली ठेवला. ड्यूटीवर काही घ्यायचं नाही, हा माझा नियम. तक्रार सांगितल्यावर परबबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. जांभळट लाल, पार मनगटापर्यंत.

"ह्यो रंग चार दिस घासलंय तरी जाणा नाय. वर आणि रंग कशाक घालू मी?"

मला वाईट वाटलं. पण तळवे लॅबमध्ये पाठवता येत नाहीत.

आता सॅम्पल घ्यायची पद्धत सांगतो. इन्स्पेक्टरला माल फुकट उचलता येत नाही, विकत घ्यावा लागतो, पावतीही घ्यावी लागते. मग त्याचे तीन भाग करायचे. एक लॅबला जातो. दोन आम्ही जपून ठेवतो, उद्या कोर्टात वाद झाला तर असावेत म्हणून. तिन्ही बाटल्यांना बूच, वर कागद, त्याला सुतळी, सुतळीवर लाख वितळवून खात्याचा शिक्का. हे सगळं पंचांसमोर, म्हणजे साक्षीदारांसमोर.

पंच व्हायला कुणी तयार नसतं. कोर्टाची पायरी कोण चढणार? पण त्या दिवशी एक निवृत्त हेडमास्तर आपण होऊन पुढे आले. मास्तर निवृत्त झाले होते, त्यांचा आवाज झाला नव्हता.

मी पाकीट काढलं, पैसे दिले आणि पावती मागितली.

"अहो, इन्स्पेक्टर पैसे देतायत!" मास्तर म्हणाले.

लोणच्याच्या स्टॉलवरची बाई बरणी तशीच हातात घेऊन बघायला आली. एका गृहस्थानं तर बायकोला हाक मारली, "अगं ए, इकडे ये लवकर! इन्स्पेक्टर पैसे देतोय बघ!" माझ्या खात्याची कीर्ती मला ठाऊक होती, पण इतकी असेल असं वाटलं नव्हतं.

मी लाख वितळवायला लागलो, तसा घोळका वाढला. मास्तर वर्ग घेतल्यासारखे समजावू लागले. "तीन बाटल्या! एक लॅबला. दोन सरकार स्वतःकडे ठेवून घेणार!"

"दोन स्वतःला?" कुणीतरी म्हणालं. "मग माल झकासच असणार यार! बाई, मलापण दोन द्या. ह्यांच्यासारख्या, सीलवाल्या."

"अहो, ही तपासणी आहे," मी ओरडलो. "अजून पास झालेलं नाही!"

"होईल हो साहेब, होईल," मला धीर देण्यात आला. मी निघालो तेव्हा रांग शाळेच्या फाटकापर्यंत गेली होती.

ही बातमी जोगळेकरांपर्यंत पोचली. रविवारी, पेठेच्या शेवटच्या दिवशी, मला घेऊन ते स्वतः आले. बघतो तर परबबाईंच्या प्रत्येक बाटलीवर लाल लाखेचा ठसा.

"बाई, सरकारी सील लावता?" साहेब कडाडले.

"सरकारी खयचा? माझ्या कुंकवाच्या करंड्याचा झाकण हा ता. लोकांका लाख व्हई होती, लावलंय."

साहेबांनी ठसा डोळ्याशी नेला. खरंच, मधोमध कमळ होतं. करंड्यावर कारवाई करायचं कलम कायद्यात नव्हतं. मग त्यांनी आयोजकांचा माइक घेतला आणि जाहीर केलं की या सरबताला खात्यानं कोणतीही मान्यता दिलेली नाही, तपासणी चालू आहे. लोकांनी एवढंच पाहिलं की आज मोठे साहेब आले, तेही गाडीतून. तासाभरात स्टॉल रिकामा झाला.

पुढचे काही आठवडे माझे वाईट गेले. रिपोर्ट उलटा आला असता तर? अर्ध्या मुलुंडनं आमच्या भरवशावर सरबत ढोसलं होतं. बाईंवर खटला झाला असता आणि तो भरायला मीच उभा राहिलो असतो, त्याच तीन बाटल्या घेऊन. जोगळेकर रोज विचारायचे, "आला का?" आणि मी मान हलवायचो.

आला. रंग नाही, भेसळ नाही. साहेबांनी दोनदा वाचला आणि पंखा वाढवायला सांगितला.

पुढच्या वर्षी, पेठेच्या आधी, परबबाई आमच्या ऑफिसात हजर.

"साहेब, तक्रार करूची हा."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याच. सरबतात रंग घालतंय, असा लिवा."

"घालता?"

"देवाशपथ नाय! पण तुमी येवक व्हये ना."

जोगळेकर म्हणाले, "बाई, स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवता येत नाही."

"मगे ही माझी तक्रार करात," म्हणून त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. बाहेर बाकावर लोणचंवाली, पापडवाली आणि मसालेवाली बसल्या होत्या. "आणि मी हेंची करीन."

जोगळेकरांनी बाकावरच्या तिघींकडे एकदा पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रूटीन तपासणी म्हणून जा. सगळ्यांकडे जा. आणि गाजावाजा नको."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला एवढं कळलं की लोकांचा विश्वास लाखेवर नव्हता, शिक्क्यावर तर नव्हताच. तो इन्स्पेक्टरनं पाकीट काढलं यावर होता. त्या वर्षी मी चारही स्टॉलवर सॅम्पल घेतलं. पैसे दिले, फक्त साहेबांचं 'गाजावाजा नको' तेवढं ऐकायचं राहून गेलं. पैसे जरा मोठ्यानंच मोजले.