दुकानापुढचं बाकडं आणि फुकटचे कॉल

किस्से जमवावे लागत नाहीत. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानापुढं एक बाकडं टाकायचं, बास! चाकूरच्या बसस्टँडजवळ माझं दुकान आहे. आधी तिथंच माझा एसटीडी बूथ होता. त्याची काचेची केबिन अजून आहे, फक्त आता तिच्यात मोबाईलची कव्हरं टांगलेली असतात. तेव्हा लोक आत शिरून घाम पुसत भराभरा बोलायचे, कारण समोर मीटर पळत असायचं. आता नेटवरचा कॉल फुकट. कितीही बोला, कोण विचारतंय? आणि नेमकं आताच लोकांना बोलायला काही सुचत नाही!

बाकड्यावरचे कायमचे गिऱ्हाईक दोन. एक दगडूमामा, जन्मभर आडतीत धान्याची तोलाई केलेले. दुसरे भागवत अण्णा. त्यांचा विलास कॅनडात असतो. रोज सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल येतो आणि अण्णा फोन तोंडाला इतका चिकटवून धरतात, की विलासला नुसतं कपाळ दिसतं. "अण्णा, फोन लांब धरा!" असं तो तिकडून ओरडतो. बाकी काही का असेना, कॉल चुकत नाही.

*

दगडूमामा मात्र अजून लेकीला मिस कॉल देतात. दोन रिंग झाल्या की कट!

मी एकदा म्हणालो, "मामा, आता पैसे लागत न्हाईत. बोला की पोटभर."

"हाव, ठावं हाय मला. पण तिनं उचलला की इचारती, 'काय काम होतं?' काम तर कायच नसतंय. मंग दोघं बी गप. त्यापरीस मिस कॉल बरा."

"मिस कॉलनं काय कळतंय तिला?"

"कळतंय की. बाप हाय अजून, येवढं कळतंय."

*

नुसतं वाईटच सांगतोय असं नको व्हायला. या फुकटच्या कॉलनं एक लग्नही जमवलंय!

आमच्या शेजारच्या गयाबाईच्या नातीला पुण्याचं स्थळ आलं. मुलगा खोली करून एकटाच राहायचा. त्याला सुट्टी मिळेना, म्हणून माझ्याच दुकानात बसून व्हिडिओवर बघाबघी ठरली. मंडळींनी पगार विचारला, शिक्षण विचारलं. शेवटी गयाबाईनं पुढं होऊन फोन हातात घेतला.

"पोरा, स्वयंपाकाची जागा दाव."

त्यानं कॅमेरा फिरवला. गॅस, दोन पातेली, फळीवर डबे.

"आता मिठाचा डबा काढ."

मुलानं न बघता हात घातला आणि पहिल्याच फटक्यात मिठाचा डबा काढला.

गयाबाईनं फोन माझ्याकडं दिला आणि म्हणाली, "सुपारी फोडा. ह्यो सोता रांधून खातोय, माझी नात उपाशी मरत न्हाई!"

*

आणखी एक चांगला किस्सा सांगतो. गावातल्या सुनंदाला बोलता-ऐकता येत नाही, आणि तिच्या धाकट्या भावालाही. तो कामाला हैदराबादला गेला. बूथच्या काळात त्या दोघांसाठी टेलिफोन म्हणजे भिंतीला टांगलेलं एक खोकं होतं, बाकी काही नाही.

ती नवा फोन घेऊन आली, तेव्हा मी पहिला व्हिडिओ कॉल लावून दिला. पलीकडं भाऊ दिसला आणि तिचे हात सुरू झाले. इकडून हात, तिकडून हात. मधेच हसायची, मधेच डोळ्याला पदर लावायची. दुकानात गिऱ्हाईक आले, थांबले, पण कोणीच आवाज केला नाही. माझ्या दुकानात इतका लांबलेला कॉल आजवर झाला नव्हता.

ती गेल्यावर दगडूमामा म्हणाले, "येवढं तर मी बायकूशी बी कंदी बोललो न्हाई!"

*

आता हा सांगावासा वाटत नाही, पण सांगतो.

मुरुडला माझे चुलत मामा वारले. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. भावकी आणि सोयरे भाकरी बांधून आणतात, घरच्यांना बळंच दोन घास खायला लावतात. मला माती सापडली नाही, अंत्यविधी चुकला; दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. मामी भिंतीला टेकून बसलेली. तिच्यापुढं फोन होता आणि तो सारखा वाजत होता. लातूर, उदगीर, लोहा, सगळीकडचे सोयरे व्हिडिओवर येऊन रडत होते. खरंच रडत होते, खोटं नाही. एका फोनमध्ये चार-चार चौकोन, प्रत्येक चौकोनात एक तोंड.

कॉल संपला. मी म्हणालो, "मामी, समद्यांनी आठवण काढली बघा."

मामी म्हणाली, "हाव. फोन लई आले. भाकर येक बी आली न्हाई."

मी तर मोबाईलचा दुकानदार. मीही रिकाम्या हातानंच गेलो होतो. शेजारच्या घरातून पिठलं-भाकरी मागून आणली आणि मामीपुढं ठेवली.

*

राहिले भागवत अण्णा.

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसीला, इकडं सगळी गावं ओस पडतात. जो तो शेतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पाच दगड मांडून पांडव पुजायचे, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे खायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. विलास तिकडं गेल्यापासून एकदाही येळवसीला आला नव्हता. अण्णा दरवर्षी विचारायचे, "औंदा येतूस का?" आणि तो म्हणायचा, "बघतो अण्णा."

मागच्या येळवसीला त्यानं शेतातून व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. मीच गेलो होतो लावून द्यायला. विलासच्या आईनं, म्हणजे काकूंनी, कोप दाखवली, आंबिलीनं भरलेला बिंदगा दाखवला, भज्जीत पळी फिरवून दाखवली. विलास खूश! म्हणाला, "वा! आल्यासारखंच वाटलं, अण्णा!"

अण्णांच्या हातातला उंडा तसाच राहिला.

यंदा दिवाळी झाल्यावर अण्णा दुकानात आले, फोन काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "शिवा, ह्याचा क्यामेरा बंद करून दे."

"कामून? चांगला तर हाय!"

"चांगला हाय म्हणूनच. मी त्याला रोज दिसतूय, म्हणून त्यो येईना गेलाय. दिसायचं बंद झालं की यील बघ."

मला हसू आलं, पण त्यांच्या तोंडाकडं बघून ते आतच राहिलं. मी फोन उघडला आणि कॅमेऱ्यांची जोडणी काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल आला. "अण्णा, काळं दिसतंय नुसतं!"

"बिघडलाय बाबा. दुकानदार म्हणतोय, नीट होत न्हाई."

थोडे दिवस नुसत्या आवाजावर गेले. मग एक दिवस विलास कळवळून म्हणाला, "अण्णा, तुमचं तोंड बघितल्याबिगर मला करमंना. येळवसीच्या आत कायतरी करतोच मी!"

अण्णांनी फोन खिशात घातला आणि माझ्याकडं असं बघितलं, की बस्स! त्या दिवशी बाकड्यावरच्या सगळ्यांना त्यांनी चहा पाजला. घराला चुना लावला. विलासच्या खोलीतली कडधान्याची पोती हलवली, खाट बाहेर काढून उन्हात टाकली. दगडूमामांना बजावलं, "येळवसीला आमच्याच कोपीत जेवायचं. विलास येणार हाय." रोज लातूरकडून एसटी आली, की अण्णा उठून उतरणाऱ्यांची तोंडं बघायचे.

येळवसीच्या आदल्या दिवशी दुपारी एक पार्सलची गाडी आली. घराला कुलूप होतं म्हणून कुणीतरी तिला दुकानाकडं धाडलेलं. पोऱ्यानं खोकं दिलं, सही घेतली आणि गेला. अण्णांनी ते माझ्यापुढं सरकवलं.

मी फोडलं. नवा कोरा फोन. भारीतला.

अण्णांनी तो उलटून पालटून बघितला. मग विचारलं, "किती क्यामेरे हायेत ह्याला?"

"मागं तीन हायेत, अण्णा. पुढं एक."

"समदे काढ."