नागपूर लागलं नाही ती दुपार

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. बसा मात्र नीट. मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हे आमच्या लाइनीत सगळ्यांना ठाऊक होतं.

आमची लाइन म्हणजे भिलाईच्या सेक्टरातली आठ क्वार्टरं. प्लांट तेव्हा उभा राहत होता. रोज नवीन काहीतरी आभाळात चढायचं, आणि आमच्या वाळत घातलेल्या चादरींवर लाल धूळ बसायची. माझा नवरा क्रेनवर होता. आम्ही भंडाऱ्याकडचे. लाइनीत आणखी तीन घरं आमच्याच बाजूची, बाकी बिहारी, बंगाली, एक मद्रासी. आणि आठ घरांत रेडिओ एकच. माझा.

तो कसा लावायचा, हे फक्त मला यायचं. यात बढाई नाही, खरंच तसं होतं. सेट नागपूरहून ट्रकमधून आला तेव्हा रस्त्याच्या धक्क्यांनी आतला दोरा सरकला होता. त्यामुळे काटा दाखवायचा एक आणि लागायचं दुसरंच. नागपूर त्याच्या खुणेवर कधी नसायचंच, दोन बोटं डावीकडे असायचं, आणि तिथंही बटण एका श्वासात फिरवून चालत नसे. रात्री ते आपणहून यायचं. दुपारी मात्र खरखरीतून वेचून काढावं लागे. नवरा वेचायला बसला की पाच मिनिटांत चिडायचा. मी बटणाला हात लावला, की नागपूर हजर! बायका म्हणायच्या, कमलबाईच्या हाताला रेडिओ ओळखतो. मलाही ते पटलं होतं. का पटू नये? नुसतं पोळ्या लाटून मिळत नाही तसला मान मला त्या बटणानं मिळत होता. दुपारी स्त्रियांच्या कार्यक्रमाला माझ्या खोलीत चटया पडायच्या, आणि कोण कुठं बसेल हे मी ठरवायची.

तर — सुशीला.

सुशीला माझ्या शेजारची. तिचा नवरा नामदेव प्लांटात रिगर, म्हणजे लोखंडाची धुडं दोरखंडांनी बांधून वर चढवणारा. ही तुमसरकडच्या खेड्यातली, धानाच्या मुलखातली, शाळा दुसरीपर्यंत. स्वभावानं गरीब गाय. मी तिला साडी नेसायला शिकवलं, सही करायला शिकवलं, दुकानात हिंदी बोलायला शिकवलं. ती मला मोठ्या बहिणीसारखी मानायची. मीही तिला धाकटीसारखं वागवत होते — म्हणजे प्रेमानं, आणि एक पायरी खाली.

ती गायची. भांडी घासताना, निवडताना, सहज. रोवणीची गाणी, तिच्या आईकडून आलेली. बांधीत चिखलात वाकून धान रोवताना बायका म्हणतात ती. मला ती गाणी जरा गावंढळच वाटायची. माझ्याकडे पेटी होती ना! मी पेटीवर गायची, ताल धरून, डोळे मिटून.

एकदा रेडिओवर सांगितलं की नागपूर केंद्राचे लोक ठिकठिकाणच्या बायकांची गाणी टेप करून घेणार आहेत, ज्यांना हवं त्यांनी कळवावं. पत्र मीच लिहिलं. पत्ता माझा दिला. ते लोक खरंच आले, शाळेच्या हॉलमध्ये मशीन मांडलं. मी आधी गायले. केंद्राच्या बाईंनी छान म्हटलं. मग मीच सुशीलाला पुढे ढकललं, लक्षात घ्या, मीच. ती मागे सरत होती. तिला मी म्हटलं, तुझ्या घरी भांडी घासतेस असं समज आणि म्हण. तिनं डोळे उघडे ठेवून म्हटलं. हॉलमध्ये काय झालं ते मला कळलं होतं. मशीनवरच्या माणसानं कानावरची यंत्रं दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली होती. माझ्या वेळी तो घड्याळ बघत होता.

मी ते पाहिलं आणि घरी येईपर्यंत विसरूनही गेले. निदान तसं ठरवलं. माहेरी पत्र टाकलं की माझं गाणं रेडिओवर लागणार आहे. चुलतभावाला कळवलं, शाळेतल्या बाईंना कळवलं. आणि मग केंद्राचं पत्र आलं — तारीख, दुपारी अडीचची वेळ, आणि सौ. सुशीला यांचे रोवणीगीत. एकच नाव. मी ते पत्र तीनदा वाचलं. उलटंही करून पाहिलं.

मला हेवा वाटला. साधा, सरळ हेवा. त्याला दुसरं नाव देऊन काय उपयोग?

पत्र मी सुशीलाला वाचून दाखवलं. ते लपवलं नाही, तेवढी अक्कल होती. दहा बायकांना पत्राची वाट होती. सुशीलानं ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग दुसऱ्या दिवशी नळावर तिनं मला एक गुपित सांगितलं, आणि ते जर तिनं सांगितलं नसतं तर माझा गुन्हा थोडा लहान राहिला असता. गाण्याचं शेवटचं कडवं तिनं हॉलमध्ये बदललं होतं. त्यात तिनं आपल्या आईचं नाव घातलं होतं.

"मायले सांगू नोका, कमलबाई," ती म्हणाली. "तिले रेडिओतूनच आयकू द्या. तिले नावानं कोनीच नाही बोलावत."

म्हणजे काय, ते मला समजलं. तुम्हालाही समजेल. तिची आई लहानपणीच लग्न होऊन सासरी गेलेली, तिथं ती अमक्याची सून, मग अमक्याची बायको, मग सुशीची माय. नवरा गेला, तशी बुढी. रोवणीला मजुरीवर जायची तिथं नुसती 'ए बाई'. तिचं नाव ज्यांना माहीत होतं ती माणसं एकेक करून गेली होती. आणि आता ते नाव नागपूरहून सगळ्या मुलखाला ऐकू जाणार होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ही म्हातारी, सुशीलाची आई, गाणं ऐकायला पॅसेंजरनं आली. आयुष्यात पहिल्यांदा एवढा लांबचा प्रवास, एकटीनं, धुतलेलं लुगडं नेसून. माझ्यासाठी लाखोळीची डाळ आणली होती फडक्यात बांधून. माझ्या खोलीत तिला मी अगदी रेडिओसमोर बसवलं. तिनं सेटला हात जोडले. बायका हसल्या, मीसुद्धा हसले.

सांगते. टाळत नाहीये.

दोन वीसला मी बटण फिरवलं आणि नागपूर लगेच लागलं. एवढं साफ, की मला आश्चर्य वाटलं. आवाज मी बारीक ठेवला होता, बायकांची बडबड चालली होती, कुणाला कळलं नाही. सनईसारखं काहीतरी वाजत होतं. मी ते ऐकलं. माझ्या बोटांत नागपूर होतं. आणि मी बोटं हलवली. केसभर. मग आणखी केसभर. मग आवाज मोठा केला, आणि खोलीभर खरखर पसरली.

"आज नागपूर येऊनच नाही राहिलं," मी म्हटलं.

आधीपासून ठरवलं होतं का मी हे? की त्या क्षणी सुचलं? खूप वर्षं मी स्वतःला सांगत आले की त्या क्षणी सुचलं. खोटं. त्या सकाळी मी नवऱ्याला म्हटलं होतं, आज हवा जरा खराब वाटते. हवा स्वच्छ होती. म्हणजे सकाळीच मी पाया घालून ठेवला होता.

अडीच वाजले. मी बटण फिरवत राहिले. काय अभिनय केला सांगू! कपाळावर आठी, ओठांत ओठ, मध्येच सेटच्या पाठीवर थाप, एरियलची तार हलव. एकदा कुठलं तरी हिंदी स्टेशन आणून दाखवलं, म्हणजे सेट चालू आहे हे कळावं. नागपूरच्या जागेवरून माझी बोटं चार-पाचदा गेली, आणि प्रत्येक वेळी मी ती तिथं थांबू दिली नाही. एका वेळी बाईचा आवाज एक अक्षरभर आला. तो सुशीलाचा होता का? मला वाटतं, होता. मी हात पुढे नेला. सुशीला माझ्या बोटांकडे बघत होती. म्हातारी मात्र सेटकडेच बघत होती, जत्रेत देवाच्या पालखीची वाट बघतात तशी, मान जरा वर करून.

पावणेतीनला कार्यक्रम संपायचा. दोन पन्नासला मी नागपूर लावलं. निवेदक शेतीचे बाजारभाव सांगत होता, खणखणीत. "आता आलं पाहा मेलं!" मी म्हटलं. कुणीतरी हळहळलं. आणि म्हातारी माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "जाऊ दे ना बाई. तू लई मेहनत केली. गेला असन आवाज कुठीतरी, कोनी तं आयकलाच असन."

सुशीलानं माझ्यासाठी चहा केला. माझ्यासाठी! मी थकले होते ना.

इथंच संपलं असतं तर मी कदाचित हे विसरले असते; माझी विसरण्याची ताकद मोठी आहे. पण सव्वातीनला नामदेव आला. पहिली पाळी सुटल्यावर सायकलनं घरी पोचेपर्यंत अडीच उलटून जातील म्हणून तो वाटेतच, बाजारातल्या चहाच्या हॉटेलात थांबला होता. मालकाला विनवून त्यानं नागपूर लावून घेतलं होतं. सायकल भिंतीला टेकायच्या आधीच तो ओरडला, "आयकलं ना? काय साफ आलं, बापा! पूरं हॉटेल चूप झालं!"

 मी म्हटलं, आमची एरियल सरकली असेल. ताबडतोब म्हटलं, चाचरलेसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी भर उन्हात मी नवऱ्याला छपरावर चढवून चांगली असलेली तार पुन्हा बांधून घेतली. बिचारा चढला.

म्हातारीनं जावयाला विचारलं, गाणं कसं होतं. आता आमच्याकडे जावई सासूपुढे मान वर करत नाही, गाणं तर दूरच. पण नामदेवनं टोपी काढली, आणि अंगणात, लाल धुळीनं भरलेल्या कपड्यांत, बेसूर आवाजात तो गाणं म्हणू लागला. मी माझ्या दारात उभी. त्याला शब्द पाठ होते. एवढा धिप्पाड माणूस, घामेजलेला, बायकोचं गाणं तिच्या आईला म्हणून दाखवत होता. शेवटच्या कडव्याशी मात्र तो थांबला.

"इथं तुमचं नाव येते, मामी," तो म्हणाला. "मी कसा घेऊ?"

सासूचं नाव जावयानं घ्यायचं नसतं. तो घेणार नव्हता, आणि कुणी घे म्हणालंही नाही. म्हातारी सुशीलाकडे वळली. सुशीलानं हो म्हणून मान हलवली आणि पदर तोंडाशी धरला.  मग तिनं अगदी लहान पोरीसारखं विचारलं, "कसं आयकू येते वो माझं नाव, रेडिओत?"

 ते ऐकायला मिळायचं एकदाच होतं, आणि ते माझ्या बोटांखालून गेलं होतं.

मी तेव्हा बोलू शकत होते. चार पावलांवर होते. मी आत गेले आणि डाळ डब्यात ओतली.

म्हातारी सकाळच्या गाडीनं गेली. ते गाणं पुन्हा लागलं नाही. दोन रोवण्या झाल्या, आणि ती वारली. ती गेल्याची तार माझ्याच घरी आली, मीच वाचली. सुशीला मात्र दुपारी येत राहिली, वर्षानुवर्षं, तिच्याच चटईवर बसून. एक गोष्ट बदलली होती. त्या दिवसानंतर मी रेडिओ लावत असताना ती माझ्या हाताकडे कधी बघत नसे, खिडकीकडे बघायची. तिला कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. तिनं विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही, आणि याला मी पुष्कळ वर्षं समजूतदारपणा म्हणत आले. तो भित्रेपणा होता. बाकी सगळ्या बाबतीत मी धीट बाई आहे, कुणालाही विचारा.

सुशीला गेली त्याला आता चार वर्षं झाली. तिच्या तेराव्याला तिच्या नातवानं मला विचारलं, आजीचं गाणं खरंच रेडिओवर लागलं होतं का? मी म्हटलं, हो, लागलं होतं, पण त्या दिवशी हवा खराब होती. म्हणजे बघा, तेव्हाही.

हवा खराब नव्हती. नागपूर साफ लागत होतं. मी ते लागू दिलं नाही. आणि त्या म्हातारीचं नाव सगुणा होतं.