समुद्राचा पलीकडचा काठ

अंदमानच्या त्या बेटावर पोचेपर्यंत मी इतकी दमले होते, की समुद्र पाहून पहिला विचार आला तो कुठे टेकता येईल याचा. रायपूरहून एक विमान, मग दुसरं, मग बोट. बरोबर रायपूरच्या बूढापारा वस्तीत माझ्याच गल्लीत वाढलेल्या दोघी मैत्रिणी. तिघीही निवृत्त. त्या हिंडायला आल्या होत्या, मी परीक्षेला बसायला.

तेहतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, हेच तपासून डोळे विटले. घरी आधी सासूबाईंचं आजारपण, मग नवऱ्याचं. स्वतःसाठी शेवटचं चित्र काढायला बसले होते ते लग्नाआधी, बूढा तालाबच्या काठावर. रिटायर झाले की काढीन, असं सगळ्यांना ऐकवत आले. होऊन दोन वर्षं झाली तरी रंगांच्या डब्याचं झाकण उघडलं नव्हतं. भाचीची मुलगी त्या डब्यावर डोळा ठेवून होती. निघताना ठरवलं, बेटावर एक तरी चित्र जमलं तर ठीक, नाहीतर डबा तिला देऊन टाकायचा आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही.

पहिले दोन दिवस वाया गेले. रायपूरच्या उन्हात ब्रश उचलेपर्यंत रंग वाळतो, त्यामुळे माझ्या हाताला घाईची सवय. तिथल्या दमट हवेत काहीच वाळेना. ओल्यावर ओलं चढवलं, आकाश वाळूत उतरलं. गोल बाजारातून आणलेले चांगले कागद फुकट गेले. मैत्रिणी फोटो काढत होत्या, शहाळी पीत होत्या, आणि मला त्यांचं हसणंसुद्धा टोचत होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी नारळाखाली बसले ती केवळ ठरलं होतं म्हणून. पाठ दुखत होती. काय होईल ते होवो म्हटलं आणि हात चालू दिला. बऱ्याच वेळानं एक मैत्रीण मागे येऊन उभी राहिली.

"काहून वं, समुद्राले पलीकडचा काठ कुठून आणला तू?"

मी कागदाकडे पाहिलं. पाण्यापलीकडे हिरवा काठ, दगडी पायऱ्या, डावीकडे पाण्यावर वाकलेलं झाड. समोर तर आकाशापर्यंत नुसतं पाणी होतं. जन्मभर पोरांना "आधी बघा, मग काढा" म्हणून दटावलं, आणि मीच तळ्याकाठची बाई समुद्राला तळं करून बसले! असा संताप आला स्वतःचा. कागद फाडायला घेतला, तर तिनं मनगट धरलं.

"थांब न! हे वाकडं झाड आपल्या बूढा तालाबचं आहे. याच्याखाली बसून चणे खात होतो आपण. तुझं लग्न झालं, त्याच पावसाळ्यात पडलं ते."

दुसरी चष्मा लावून वाकली. "हव, तेच आहे. आता तर तिथं रेलिंग अन् लाइटी लागल्या."

मला लग्नाआधीचं ते चित्र आठवलं. पाणी झालं होतं, काठ झाला होता, पायऱ्याही. तेवढ्यात बघायला पाहुणे आलेत म्हणून घरून बोलावणं आलं. झाड तेवढं राहिलं होतं. उद्या काढीन म्हणून उठले होते.

मी त्या दोघींच्या देखत रडले. नवरा गेला तेव्हाही एवढी रडले नव्हते. एकीनं पाठीवरून हात फिरवला, दुसरी कागद माझ्या हातून काढून घेत म्हणाली, "ओला आहे अजून, टिपं नको पाडू त्यावर."

रायपूरला परतल्यावर गोल बाजारात गेले आणि भाचीच्या मुलीसाठी रंगांचा नवा डबा घेतला.