गप्प बसण्याची नोकरी

माझे थोरले साडू हे अवघ्या मुंबई राज्यात गप्प बसण्याचा पगार घेणारे एकमेव गृहस्थ असावेत. परळच्या एका मोठ्या इस्पितळात तळमजल्यावर, क्ष-किरणांच्या खोलीच्या पलीकडे, मनाच्या दुखण्यांचा बाह्यरुग्ण विभाग होता. विभाग म्हणजे एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या आणि कायम अर्धीच उघडणारी एक खिडकी. मोठे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येऊन औषधं लिहून जात. बाकीच्या वेळी माणसांचं ऐकून घ्यायला साडूभाऊ असत. त्यांच्या हुद्द्याचं इंग्रजी नाव इतकं लांब होतं की ते दारावरच्या पाटीवर मावलं नाही, म्हणून पाटीच लावली नव्हती. गिरगावात त्यांच्या वाडीतले लोक सरळ ‘वेड्यांचे डॉक्टर’ म्हणत. मी त्याच इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर कारकून होतो, त्यामुळे साडूभाऊंची घरची आणि दारची अशी दोन्ही रूपं मला रोज पाहायला मिळत. ती एकाच माणसाची आहेत हे पटायला मला दोन वर्षं लागली.

कारण घरी हा गृहस्थ अखंड बोलत असे. सकाळी तोंडात दात घासायची पूड असताना सुरू होई ते रात्री डोळा लागेपर्यंत, आणि अक्कांचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं, म्हणणं असं की डोळा लागल्यावरही चालूच राही, फक्त विषय कळत नसे. कोथिंबीर आणायला गेले की दीड तासाने येत, आणि कोथिंबीर सोडून सगळं सांगत. वाडीच्या तोंडाशी एक केशकर्तनालय होतं. केस कापणारा माणूस जात्याच गप्पिष्ट. पण साडूभाऊ खुर्चीत बसले की त्याची दातखीळ बसे. शेवटी एकदा त्याने हात जोडून सांगितलं की दादा, हनुवटी हलते, वस्तरा लागेल, माझ्याच्याने होणार नाही. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. घरोघरी तोच विषय, आणि साडूभाऊंना तर ही चळवळ मिळाली म्हणजे पोहणाऱ्याला समुद्र मिळाला. चौपाटीवरच्या सभेत वक्त्याचं एक वाक्य झालं की हे आजूबाजूच्यांना त्यावर चार वाक्यांचं भाष्य ऐकवत. एकदा एका स्वयंसेवकाने येऊन फार नम्रपणे विचारलं, की काका, आपण व्यासपीठावर जाता की घरी जाता? साडूभाऊ त्यालाही व्यासपीठाची रचना कशी असावी हे सांगत बसले. मी त्यांच्यासमोर सलग तीन वाक्यं बोलल्याचं मला आठवत नाही.

हाच माणूस सकाळी साडेआठला इस्पितळाची पायरी चढला की मिटून जाई. दिवसभराच्या कामात त्यांचे शब्द तीन: ‘हं’, ‘बरं’ आणि ‘मग?’. त्यातला ‘मग?’ तर ते फार जपून वापरत. अक्का म्हणायच्या, तिकडे तुंबतं ते इकडे फुटतं, आणि इकडे ते पुसायला मी आहे.

त्यांच्या विभागात यायला लोक फार लाजत. परळ-लालबागची वस्ती म्हणजे कोणी ना कोणी ओळखीचं निघणारच. म्हणून ही मंडळी शेजारच्या त्वचारोगाच्या बाकावर जाऊन बसत आणि कोणी पाहिलंच तर शंका नको म्हणून मधूनमधून कोपर खाजवत. साडूभाऊंना हे ठाऊक होतं. ते कधी कोणाचं नाव पुकारत नसत. दारात येऊन छताकडे बघत घसा खाकरत आणि आत जात. मग त्या बाकावरचा एक जण खाजवणं थांबवून उठे. खरोखरची खरूज असलेला एक म्हातारा एकदा चुकून त्यांच्या मागोमाग आत गेला आणि पाऊण तास सुनेबद्दल बोलून आला. त्यानंतर तो दर मंगळवारी येऊ लागला. खरजेचं काय झालं ते मला माहीत नाही.

पण साडूभाऊंची खरी ख्याती होती ती तांदळाच्या परातीबद्दल. एक बाई तीन खेपा येऊन पदराचं टोक चुरगाळत बसल्या आणि तोंडातून शब्द काढीनात. चौथ्या खेपेला साडूभाऊंकडे वाण्याकडून घेतलेला पाच शेर तांदूळ होता. त्यांनी काय मनात आलं कोण जाणे, परिचारिकांकडून एक परात मागवली, त्यात तांदूळ ओतला आणि परात बाईंच्या पुढ्यात ठेवून स्वतःही खडे वेचायला बसले. बाई दहा मिनिटं निवडत राहिल्या, मग बोलू लागल्या आणि दुपारपर्यंत थांबल्या नाहीत. आपल्याकडे बायका आयुष्याची सगळी दुःखं निवडता निवडताच एकमेकींना सांगत आल्या, हे साडूभाऊंना तेव्हा कळलं; मानसशास्त्राच्या एम. ए. ला ते नव्हतं म्हणे. तेव्हापासून परात कायमची झाली. गिरणीतले पुरुष आधी बिचकत, हे बायकांचं काम म्हणत. पण नजरेला नजर न देता बसायला मिळतंय म्हटल्यावर तेही खडे शोधू लागत. अधीक्षकसाहेब एकदा फेरीला आले आणि परात बघून त्यांनी इंग्रजीत विचारलं की हा काय प्रकार आहे. साडूभाऊ त्या वेळी रुग्णासमोर नव्हते, म्हणजे बोलायला मोकळे होते. त्यांनी खुलासा केला. खुलासा पाऊण तास चालला. त्यानंतर अधीक्षकांनी आपल्या फेरीचा रस्ता बदलला. तांदूळ मात्र घरीच जाई. अक्का तो चार पाण्यांनी धुवायच्या आणि का ते सांगायच्या नाहीत.

अशा या परातीला दाद न देणारा माणूस गोळीबाराच्या दिवसांनंतर आला. लालबागच्या एका गिरणीत साचे चालवणारा विणकर, मूळचा मालवणकडचा, चाळिशीचा. बरोबर बायको. खिडकीवर तिनेच हकिगत सांगितली. धाकटा दीर मोर्चा बघायला म्हणून फोर्टात गेला तो परत आला नाही. तिसऱ्या दिवशी ओळख पटवायला बोलावणं आलं, हा जाऊन ओळख पटवून आला, आणि त्या दिवसापासून बोलायचा बंद झाला. जेवतो, निजतो, सांगितलं ते करतो, बोलत नाही. घसा तपासून झाला होता, घशात काही नव्हतं. गिरणीने आता चिठ्ठी पाठवली होती. महिनाअखेर गिरणीच्या डॉक्टरसमोर उभं राहून नाव, नंबर आणि गाव तोंडाने सांगायचं. नाही सांगता आलं तर दोन्ही साचे बदलीवाल्याला आणि याचं नाव हजेरीतून कमी. बाईने चिठ्ठी माझ्यापुढे सरकवली आणि विचारलं, “बोलतले ना हो हे?” मी केसपेपर लिहून दिला. खिडकीवर बसणाऱ्याने याहून जास्त काही करायचं नसतं, अशी तेव्हा माझी समजूत होती.

साडूभाऊंनी त्याला एक दिवसाआड बोलावलं. दोघं समोरासमोर बसत आणि तांदूळ निवडत. विणकराचा हात असा सफाईचा, की त्या महिन्यात अक्कांना एक खडा लागला नाही. पण तोंड उघडेना. साडूभाऊंचं शास्त्र असं की माणसापुढे शांतता ठेवली की तो ती आपणहून मोडतो. त्यांनी शांतता वाढवली. बाहेर गडबड नको म्हणून ती अर्धी खिडकीही बंद केली. दाराबाहेरच्या वॉर्डबॉयला चपला काढून चालायला सांगितलं. तीन आठवडे गेले, महिन्याचे आठ दिवस उरले, आणि साडूभाऊ घरी जरासे कमी बोलू लागले, तशी अक्कांनी मला बोलावून घेतलं आणि विचारलं की इस्पितळात काही झालंय का.

तिढा सोडवला तो त्या बाईने. नवरा आत असताना ती माझ्या खिडकीशी थांबायची. त्या दिवशी साडूभाऊ केसपेपर द्यायला बाहेर आले, तेव्हा तिने धीर करून त्यांनाच सांगितलं, “डॉक्टरांनु, साच्यांच्या आवाजात थंय कोणाचा काय ऐकाक येता? सगळे व्हटांनी नि हातांनी बोलतत. वीस वर्सा झाली हेंका. तुमची ही खोली मसणासारखी गप्प. हंय हेंका बोलूचा सुचात कसा?”

साडूभाऊंनी हातातला केसपेपर तसाच माझ्या खिडकीत टाकला. आपण तीन आठवडे एका माशाला पाण्याबाहेर काढून पोहायला सांगत होतो, असं काहीतरी ते नंतर म्हणाले. त्या क्षणी मात्र त्यांनी विणकराला हाताला धरलं आणि थेट मागच्या अंगाला धोबीखान्यात नेलं. तिथे वाफेवर चालणारी कपडे धुण्याची अजस्र यंत्रं होती. सगळ्या इस्पितळाच्या चादरी त्यात घुसळत, आणि आवाज असा की शेजारच्याने कानात ओरडलेलं कळू नये. साडूभाऊंनी त्याला तिथे उभं केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा रुग्णापुढे बोलायला सुरुवात केली. काय बोलले ते त्यांचं त्यांनाही ऐकू येत नव्हतं. पण विणकराला येत होतं. वीस वर्षं ओठ वाचलेला माणूस तो. धोबी हातातलं काम टाकून बघू लागले. आज डॉक्टरांवरच पाळी आली, असं त्यांना वाटलं असावं.

हे चार दिवस चाललं. चौथ्या दिवशी कसल्याशा सहीसाठी मी कागद घेऊन तिकडे गेलो आणि दारातच थांबलो. विणकर बोलत होता. आवाज यंत्रांचाच होता, पण त्याचे ओठ भराभर हलत होते, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, आणि साडूभाऊ त्याच्यापासून हातभर अंतरावर, कपाळाला आठ्या घालून, त्याच्या ओठांवर डोळे रोखून उभे होते. एका जागी विणकराने उजवा हात जमिनीपासून गुडघ्याएवढा धरला. मग तो कमरेएवढा वर नेला. मग खांद्याएवढा, आणि मग स्वतःच्या डोक्याहून चार बोटं वर. तिथे तो थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि एकदम सोडून दिला. माझ्या हातातला कागद सहीशिवाय राहिला. मला रडू आलं हे इथे सांगून टाकतो, कारण तेव्हा मी ते कोणाला सांगितलं नाही.

परत येताना साडूभाऊंचा चेहरा घामाने निथळत होता. म्हणाले, “सांगितलं त्याने. सगळं सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“ते नाही कळलं रे. एक शब्द नाही कळला. मी आपला मान हलवत होतो.”

मी म्हणालो, “साडूभाऊ, त्याचा हात...” पण त्यांचं आधीच सुरू झालं होतं. ओठ वाचण्याची विद्या, प वर्गातली अक्षरं ओठांवर कशी दिसतात आणि क वर्गातली का दिसत नाहीत, मालवणीत त्यामुळे काय अडचण येते, हे ऐकता ऐकता आम्ही माझ्या खिडकीपर्यंत आलो, आणि तिथे रांग लागलेली होती.

विणकर नंतर खोलीतही बोलू लागला, आधी पुटपुटत आणि मग नीट. पण भावाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही, आणि साडूभाऊंनीही विचारला नाही. माणसाचं सांगून झालं की पुन्हा वदवून घेऊ नये, असा त्यांचा नियम. महिनाअखेर गिरणीच्या डॉक्टरसमोर त्याने नाव, नंबर आणि गाव एवढ्या खणखणीत आवाजात सांगितलं की डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे बाईने येऊन मला सांगितलं आणि केळीच्या पानात बांधलेले दोन नारळाचे लाडू खिडकीतून आत ठेवले. साचे त्याचे त्याला राहिले.

पुढे मुंबईसह महाराष्ट्र झाला. साडूभाऊ यथावकाश निवृत्त झाले आणि दादरला मुलाकडे राहायला गेले. मी दर रविवारी जात असे. त्यांच्या हाताखालून हजारो माणसं गेली होती, पण म्हातारपणी ते आठवण काढत ती त्या एकाच्याच. बोलता बोलता मध्येच म्हणत, त्या दिवशी तो काय म्हणाला असेल रे? एवढं विश्वासाने सांगितलं त्याने, आणि ऐकणारा मी असा. मी तोंड उघडावं तर त्यांनी आपणच एक तर्क काढलेला असे. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि मग अक्का जेवायला हाक मारत. दर रविवारी येताना मी ठरवून येई की आज त्यांना थांबवायचं, हाताचं सांगायचं. पुढच्या रविवारी सांगू, असं म्हणून परत जाई. ऐकायला बसलेल्या माणसाने मध्ये बोलू नये हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो, अशी मी स्वतःची समजूत घालतो. खरं म्हणजे मला त्यांना अडवायचा धीरच झाला नाही. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. त्यांना ते ओठांवर शोधायची गरज नव्हती, भाऊ केवढ्याचा केवढा झाला ते त्याचा हातच सांगत होता, एवढंच मला सांगायचं होतं. एका वाक्याचं काम होतं.